वयानं लहान, म्हणून?



अन्नपूर्णातल्या आपल्या रविवारच्या सामूहिक साधनेला मागे एक कॉलेजातली मुलगी आली होती. तासाभरात चार-पाचदा मांडी बदलली. नंतर आमच्यापैकी एकानं तिला सगळ्यांसमोर टोकलं. पुढच्या रविवारी ती आली नाही. आणि आम्हीच म्हणतो, तरुण पोरं येत नाहीत!

वयावरून जोखायची खोड जुनीच. दहर सुत्तात (दहर म्हणजे तरुण) राजा प्रसेनजित भगवान बुद्धांना विचारतो, नावाजलेले आचार्यसुद्धा संबोधीचा दावा करत नाहीत; तुम्ही तर वयानं लहान, मग कसा करता? भगवान सांगतात, राजकुमार, साप, अग्नी आणि भिक्षू, या चौघांना लहान म्हणून कमी लेखू नये. ठिणगीला सरपण मिळालं की ती वणवा होते.

गोयंका गुरुजींनी भारतातलं पहिलं शिबिर जुलै १९६९ मध्ये मुंबईत घेतलं. साधक १४, त्यांत त्यांचे आईवडीलही. मुलासमोर शिष्य म्हणून बसले.

त्या मुलीला आम्ही फोन केला. येते म्हणाली, खुर्ची चालेल का, तेही विचारलं. खुर्च्या आहेतच, आमच्याच गुडघ्यांसाठी आणलेल्या.