धनुष्याची दोरी आणि साइन

‘साइन म्हणजे काय?’ असे विचारले की ‘समोरची बाजू भागिले कर्ण’ असे उत्तर येते. ही झाली व्याख्या. या शब्दाचा मूळ अर्थ शोधायचा तर धनुष्य हाती घ्यावे लागेल.

वर्तुळाचा एक कंस काढून त्याची टोके रेषेने जोडा. ताणलेले धनुष्य दिसते की नाही? म्हणून आपल्या गणितज्ञांनी कंसाला ‘चाप’ आणि त्या रेषेला ‘ज्या’ किंवा ‘जीवा’, म्हणजे धनुष्याची दोरी, असे म्हटले. गणिताला निम्मी दोरी सोयीची. तिला ‘अर्धज्या’ म्हणत. पुढे ‘अर्ध’ गळून पडले आणि निम्म्या दोरीलाच ज्या हे नाव राहिले. आर्यभटाच्या (इ. स. 499) कोष्टकानुसार त्रिज्या 3438 धरली, तर 30 अंशांची ज्या 1719 येते. भागून पाहा, बरोबर अर्धा! आणि ‘त्रिज्या’ तरी काय? तीन राशींची, म्हणजे 90 अंशांची ज्या. रोज वापरूनही आपण या शब्दाकडे कधी नीट पाहत नाही.

आठव्या शतकात हे गणित बगदादला पोचले. अरबांनी ‘जीवा’चे भाषांतर केले नाही, उच्चार धरून ‘जीब’ असे लिहिले. अरबीत ‘जीब’ला काहीच अर्थ नव्हता. पण त्याच अक्षरांत लिहिला जाणारा ‘जैब’ हा शब्द सर्वांच्या परिचयाचा. त्याचा अर्थ अंगरख्याचा गळ्याजवळचा भाग, छाती. वाचणाऱ्यांनी ओळखीचा शब्द वाचला. (हिंदीतील ‘जेब’ याच ‘जैब’चे रूप.) बाराव्या शतकात लॅटिन भाषांतरकारांनी त्यासाठी ‘सायनस’ हा शब्द योजला. त्याचे अर्थ वस्त्राची घडी, पोकळी, ऊर. त्यावरूनच ‘साइन’ आला. सर्दीत ठणकणारे सायनसही तेच!

‘ज्या’ आणि ‘साइन’ यांत एकही अक्षर समान नाही, तरी नाते पक्के आहे. कारण मधला प्रत्येक दुवा ग्रंथांत सापडतो. उलट आपला ‘कोटिज्या’ आणि इंग्रजी ‘कोसाइन’ यांचा अर्थ एकच, आरंभही ‘को’नेच. मग ‘कोटि’वरूनच तो ‘को’ गेला, असे कोणीही अभिमानाने सांगेल. पण तसे नाही. उरलेल्या कोनाचा, म्हणजे कोटिकोनाचा साइन, या अर्थाच्या लॅटिन शब्दांचा संक्षेप करून एडमंड गुंटर याने 1620 मध्ये तो ‘को’ जोडला. ‘कोटि’ म्हणजे धनुष्याचे टोक. त्याचा या ‘को’शी संबंध नाही.