एका हाताने चाकू वापरताना



शिबिरात तंबूची दोरी एका हाताने ताणून धरलेली असते आणि चाकू मात्र खिशात मिटलेला असतो. अशा वेळी तो एकाच हाताने उघडावा लागतो. स्विस सैन्यात मिटणारा चाकू १८९१ पासून आहे. एका हाताने उघडणारा मात्र २००८ मध्ये आला. त्याच्या पात्याला अंगठ्यासाठी भोक आहे, आणि उघडलेले पाते खटक्याने पक्के बसते.

हा खटका फार महत्त्वाचा. बिनखटक्याच्या चाकूचे पाते केवळ स्प्रिंगच्या जोरावर उभे असते. टोकाने भोक पाडायला गेलात किंवा पात्याच्या पाठीवर दाब आला, की ते बोटांवर मिटते. म्हणून एका हाताच्या कामाला खटक्याचाच चाकू घ्यावा. अंगठ्याने पाते सावकाश ढकलावे, बाकीची बोटे मुठीच्या कडेला ठेवावीत, खाचेत नव्हे. सिनेमातल्या रामपुरीसारखा मनगटाचा झटका देऊ नये! खटका बसल्याचा आवाज ऐकावा आणि डोळ्यांनीही पाहावे.

खरा धोका मिटताना असतो. खटका सोडण्यासाठी अंगठा नेमका पात्याच्या वाटेत जातो. पाते थोडे हलले की अंगठा आधी बाहेर काढावा, मगच पुढे मिटावे. पुष्कळ चाकूंचा खटका उजव्या हाताच्या सोयीने केलेला असतो, त्यामुळे डावखुऱ्यांना हे अधिक अवघड जाते. माझे स्पष्ट मत असे की उघडणे एका हाताने चालेल, पण मिटण्यापूर्वी दोरी बांधून टाका आणि दोन्ही हात वापरा.

कापताना हात लांब करून चारी बाजूंना फिरवावा. तेवढ्या अंतरात कोणी नसावे. मांडीवर ठेवून काहीही कापू नये, कारण मांडीच्या आतल्या बाजूने मोठी धमनी जाते. चाकू उघडा ठेवून चालू नये. कापलेच तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे, हात उंच ठेवावा आणि शिक्षकांना लगेच सांगावे. धनुर्वाताच्या इंजेक्शनचे डॉक्टरांना विचारावे.

पालकांनीही लक्षात घ्यावे, दप्तरात चाकू नको. शिबिरातला चाकू शिक्षकांच्या पेटीत राहावा आणि कामापुरताच मुलांच्या हाती यावा. काम झाल्यावर सांध्यातली माती जुन्या टूथब्रशने काढून तेलाचा एक थेंब सोडावा. माती अडकली की खटका अर्धवटच बसतो.