चादर निवडताना : बांबूची की कापसाची?

अहिल्यानगर शहराच्या कापड बाजारात अंथरुणाची चादर घ्यावयास आलेल्या कुटुंबापुढे पूर्वी प्रश्न असत ते रंगाचे, मापाचे आणि किमतीचे. आता त्यांत आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे. सुती चादरींच्या गठ्ठ्याशेजारी ‘बांबूची चादर’ म्हणून एक तुळतुळीत, रेशमासारखी मऊ चादर मांडलेली आढळते. ती थंड आहे, जंतूंना थारा देत नाही, निसर्गाला पोषक आहे, असे तिच्या वेष्टनावर छापलेले असते. किंमतही सुती चादरीपेक्षा बरीच अधिक असते. लग्नसराईत वा दिवाळीत चार-सहा चादरी एकदम खरेदी करणाऱ्या बेताच्या उत्पन्नाच्या घरात ही निवड किरकोळ म्हणता येणार नाही. चादर रोज अंगाखाली असते, वारंवार धुतली जाते आणि काही वर्षे टिकावी अशी अपेक्षा असते.

बांबूचा धागा होतो कसा?

बांबू या जिल्ह्याला परका नाही. अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या उतारांवर तो वाढतो. बुरुडांच्या हातून त्याच्या टोपल्या, सुपे आणि कणग्या होतात. २०१७ मध्ये भारतीय वन अधिनियमात दुरुस्ती होऊन वनाबाहेरील बांबू वृक्षाच्या व्याख्येतून वगळण्यात आला. त्यामुळे शेतात लावलेला बांबू तोडणे व वाहून नेणे सुलभ झाले. परंतु ज्या काठीची टोपली होते तिचाच पिंजून, कातून धागा होतो अशी समजूत करून घेतल्यास ती चुकीची ठरेल.

कापसाच्या बोंडातील तंतू सुमारे २८ ते ३० मिलिमीटर लांब असतो. त्याला पीळ देता येतो आणि पिळामुळे सूत तयार होते. बांबूतील सुटा तंतू मात्र जेमतेम दोन-तीन मिलिमीटर लांबीचा असतो. एवढ्या आखूड तंतूचा कागद उत्तम होतो, सूत होत नाही. म्हणून बांबूचा लगदा करून तो प्रथम कॉस्टिक सोड्यात भिजवतात. पुढे त्यावर कार्बन डायसल्फाइड या रसायनाची क्रिया करून मधासारखा दाट द्रव बनवितात. हा द्रव अतिसूक्ष्म छिद्रांतून गंधकाम्लाच्या कुंडात सोडला की त्याचे लांब तंतू गोठतात. हे तंतू म्हणजेच व्हिस्कोज, अर्थात रेयॉनचा एक प्रकार होय. निलगिरीच्या लाकडापासूनही असाच धागा तयार होतो. एकदा धागा झाल्यावर तो बांबूचा की लाकडाचा, हे सामान्य ग्राहकास ओळखता येत नाही.

बांबूच्या अंगी जंतुरोधक गुण असल्याचे सांगितले जाते. परंतु एवढ्या रासायनिक संस्कारानंतर ते गुण धाग्यात उतरतात, असे सिद्ध झालेले नाही. अमेरिकेतील संघीय व्यापार आयोगाने याच मुद्द्यावर अनेक मोठ्या विक्रेत्यांविरुद्ध कारवाई केली. रेयॉनचा माल ‘बांबू’ म्हणून विकल्याबद्दल २०१३ मध्ये चार व्यापारी संस्थांना मिळून १२ लाख ६० हजार डॉलर, तर २०२२ मध्ये दोन संस्थांना मिळून ५५ लाख डॉलर दंडादाखल भरावे लागले. निसर्गपोषक असल्याच्या दाव्याचेही तसेच आहे. बांबू भराभर वाढतो आणि कापसापेक्षा कमी फवारण्या मागतो, हे खरे. तथापि कार्बन डायसल्फाइड हे कामगारांच्या मज्जासंस्थेस अपाय करणारे द्रव्य आहे. ते कितपत परत मिळविले जाते, हे त्या त्या कारखान्यावर अवलंबून राहते. लायोसेल नावाच्या दुसऱ्या पद्धतीत द्रावक जवळजवळ संपूर्णपणे परत वापरला जातो. वेष्टनावर ‘बांबू लायोसेल’ असा स्पष्ट उल्लेख असेल तर तो माल अधिक विश्वासार्ह समजावा.

धुण्याच्या दगडावरची परीक्षा

दोन्ही चादरींमधील खरा फरक अंथरुणावर कळत नाही, तो धुण्याच्या दगडावर कळतो. कापसाचा धागा ओला झाला की किंचित अधिक बळकट होतो. व्हिस्कोजचा धागा ओला झाला की त्याची ताकद सुमारे निम्म्यावर येते. ज्या घरात चादर दगडावर आपटून, धोपाटण्याने बडवून आणि दोघांनी दोन टोके धरून पिळली जाते, त्या घरात व्हिस्कोजची चादर लवकर विरते आणि तिच्यावर बारीक गोळे येतात. जिल्ह्याच्या बहुसंख्य गावांत धुणे अद्याप हातानेच होते. त्यात विंधणविहिरीचे पाणी जड असले तर साबणाला फेस येत नाही आणि घासणे अधिकच वाढते. एखाद्याला खरूज झाली असेल किंवा घरात तान्हे मूल असेल, तर चादर उकळत्या पाण्यातून काढावी लागते. पांढरी वा पक्क्या रंगाची सुती चादर हे सारे निमूट सोसते. 

हवामानाचा विचार केल्यास बांबू-व्हिस्कोजच्या बाजूनेही काही सांगता येते. नगर, पारनेर, कर्जत हा भाग पर्जन्यछायेचा असून एप्रिल-मे महिन्यांत तेथील उन्हाळा कडक असतो. सामान्य हवेत कापूस आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरून ठेवतो, तर व्हिस्कोज ११ ते १३ टक्के धरतो. त्यामुळे घाम शोषला जातो आणि स्पर्श गार लागतो. परंतु हाच गुण घाटघर-रतनवाडीच्या धुवाधार पावसात अवगुण ठरतो. तेथे अधिक पाणी धरणारी चादर वाळतच नाही. ज्यांच्याकडे धुलाईयंत्र आहे, जे ती थंड पाण्यात हलक्या फेऱ्यात धुऊ शकतात आणि ज्यांना मऊपणाची विशेष गरज आहे, त्यांनी ती घेण्यास हरकत नाही. रोजच्या वापरासाठी मात्र या जिल्ह्यातील सर्वसाधारण कुटुंबास सुती चादरच परवडते.

सुती म्हणून जे मिळते ते

येथे दुसऱ्या बाजूच्या लबाडीकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. ‘कॉटन फील’, ‘कॉटन रिच’ अशा नावांखाली पॉलिएस्टर मिसळलेला माल सर्रास विकला जातो. घरच्या घरी याची पारख करता येते. चादरीच्या कडेचे दोन-चार धागे काढून चिमट्यात धरून जाळावे. कागद जळल्यासारखा वास येऊन भुरभुरीत राख राहिली तर धागा कापसाचा किंवा व्हिस्कोजचा असतो. वितळून कडक मणी झाला तर त्यात पॉलिएस्टर आहे. कापूस व व्हिस्कोज यांतील भेद जाळून कळत नाही, कारण दोन्ही सेल्युलोजच. त्यासाठी धागा मधोमध ओला करून ओढावा. व्हिस्कोजचा धागा ओल्या जागी चटकन तुटतो.

धागासंख्येच्या मोठ्या आकड्यांनीही भुलू नये. एका चौरस इंचातील उभ्या व आडव्या धाग्यांची बेरीज म्हणजे धागासंख्या. दोनशे ते चारशेच्या दरम्यानची चादर घरगुती वापरास पुरेशी असते. त्याहून फार मोठे आकडे पुष्कळदा दुपदरी-तिपदरी धाग्याचा प्रत्येक पदर वेगळा मोजून फुगविलेले असतात. चादर उजेडापुढे धरून वीण एकसारखी आहे का, हे पाहणे त्याहून उपयोगाचे. कापड चोळताच पांढरी भुकटी झडली तर ते खळीने जाड केलेले आहे, असे समजावे. सुती चादर पहिल्या धुण्यात शंभर इंचांमागे तीन ते पाच इंच आटू शकते. म्हणून माप थोडे मोठेच घ्यावे.

कापूस हे शेवगाव, पाथर्डी आणि नेवासे तालुक्यांतील शेतकऱ्यांचे नगदी पीक आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात कापूस सुधार प्रकल्प चालतो. विणकामाची परंपराही येथे जुनी आहे. नगर शहरात पद्मशाली विणकरांचे माग होते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल यांनी याच शहरात सुधारित हातमाग तयार केला. जामखेड तालुक्यातील चोंडीच्या कन्येने, अहिल्याबाईंनी, महेश्वरात विणकर वसविले, ही गोष्टही येथे आठवल्यावाचून राहत नाही. आज मात्र नगरच्या बाजारात येणाऱ्या चादरी बहुतांशी सोलापूर, इचलकरंजी, पानिपत आणि करूर येथील असतात. बांबू-व्हिस्कोजच्या धाग्याचा उगम तर मुख्यतः चीनमध्ये आहे. म्हणजे बांबूच्या चादरीला मोजलेला जादा पैसा अकोल्याच्या बांबू उत्पादकापर्यंत पोहोचतो, असे मानण्यास आधार नाही. अर्थात कापूसही निर्दोष नव्हे. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने राज्यातील कापूस उत्पादकांची जी दैना केली, ती विसरता येत नाही.

दुकानदाराकडे मागावयाची गोष्ट एकच : कापडावर किंवा वेष्टनावर तंतूंचे नाव आणि त्यांचे शेकडा प्रमाण. नुसते ‘बांबू’ लिहिलेले असल्यास ‘व्हिस्कोज की लायोसेल?’ असे विचारावे आणि पावतीवर तसे लिहून घ्यावे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध दाद मागता येते. पर्यावरणपूरक असल्याच्या खोट्या दाव्यांविषयी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२४ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक १९१५ हा आहे. तक्रार नोंदविताना पावती आणि चादरीचे वेष्टन हाताशी असावे. वेष्टन बहुधा पहिल्याच दिवशी फेकून दिले जाते, ते निदान दोन-तीन धुण्यांपर्यंत जपून ठेवावे.