चित्रफितींची बेगमी

वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यात रिठद नावाचे गाव आहे. समजा, तेथील दहावीच्या मुलांनी असे ठरविले, की गावातील आजीबाईंच्या जात्यावरच्या ओव्या, पोळ्याचा सण, तिफणीची पेरणी हे सारे चित्रफितींत टिपून ठेवायचे. वर्षभरात ८० तासांचे सुस्पष्ट चित्रण जमले. आता ते ठेवायचे कोठे? आणि पंचवीस वर्षांनीही ते पाहता येईल, याची तजवीज कशी करायची? ज्या आजीने ओवी म्हटली ती पुन्हा म्हणायला असेलच असे नाही. म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा आहे. त्याचा पहिला भाग साध्या गुणाकाराचा, तर दुसरा संभाव्यतेचा आहे.

किती जागा लागेल?

‘फोर-के’ प्रकारच्या चित्राच्या एका चौकटीत आडव्या ओळीत ३,८४० ठिपके असतात आणि अशा २,१६० ओळी असतात. म्हणजे एकूण ८२,९४,४०० ठिपके झाले. प्रत्येक ठिपक्याचा तांबडा, हिरवा व निळा अंश नोंदविण्यास एकेक बाइट धरला, तर एका चौकटीला सुमारे २५ मेगाबाइट जागा लागते. सेकंदाला २५ चौकटी या हिशेबाने तासाभराच्या चित्रणाला सुमारे २.२४ टेराबाइट लागतील. (१ टेराबाइट म्हणजे एक लाख कोटी बाइट.)

पण कॅमेरा एवढे सारे लिहून ठेवीत नाही. आजी जाते ओढते तेव्हा तिचा हात हलतो. मागची भिंत तीच असते. म्हणून कॅमेरा अधूनमधून एक पूर्ण चौकट नोंदवितो आणि मधल्या चौकटींत मुख्यतः काय बदलले तेवढेच लिहितो. पुष्कळ कॅमेरे अशा रीतीने सेकंदाला १०० मेगाबिट लिहितात. ८ बिटांचा १ बाइट होतो, म्हणून

१०० ÷ ८ = १२.५ मेगाबाइट दर सेकंदाला,
१२.५ × ३,६०० = ४५,००० मेगाबाइट, म्हणजे ४५ गिगाबाइट दर तासाला,
४५ × ८० = ३,६०० गिगाबाइट, म्हणजे ३.६ टेराबाइट.

जागा सुमारे पन्नास पटींनी वाचली! मात्र या बचतीची किंमत आहे. मधल्या चौकटी आधीच्या चौकटींवर विसंबून असतात. त्यामुळे एखादा बाइट बिघडला, तर पुढची पूर्ण चौकट येईपर्यंतचे चित्र फाटल्यासारखे दिसू शकते.

३.६ टेराबाइटसाठी ४ टेराबाइटची हार्ड डिस्क पुरेल का? आज पुरेल; पण पुढच्या वर्षीच्या चित्रणाला जागा उरणार नाही. साठवण घेताना निदान दुप्पट जागेचा विचार करावा.

डिस्क का बिघडते?

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या चकत्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात. वाचणारे टोक त्यांच्यापासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. धक्का बसला, तर टोक चकतीवर घासते. ‘एसएसडी’मध्ये फिरणारा भाग नसतो. तिच्यात माहिती विद्युतभाराच्या रूपात असते. पण ती वर्षानुवर्षे विजेविना पडून राहिली, तर हा भार हळूहळू झिरपून जातो. विदर्भातील मे महिन्याचा उन्हाळा आणि पत्र्याची खोली दोन्ही प्रकारांना घातक असते. लिहिणे चालू असताना वीज गेली, तरी फाइली बिघडू शकतात. थोडक्यात, कोणतीही डिस्क अमर नाही. म्हणून प्रती ठेवाव्या लागतात.

चित्रपटांनी दिलेला धडा

भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात झळकला. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. जुने चित्रपट वाचविण्यासाठी १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. परंतु ८ जानेवारी २००३ रोजी तेथील फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील गोदामाला आग लागली आणि संग्रहालयाची नायट्रेट फिल्मची हजारो रिळे जळून गेली. नायट्रेट फिल्मच्या घटकांतच प्राणवायू असल्याने ती एकदा पेटली की विझविणे फार कठीण असते. ज्या चित्रपटांच्या प्रती अन्यत्र होत्या ते राहिले. हा धडा डिस्कलाही तितकाच लागू पडतो.

गुणाकार केव्हा चालतो?

हिशेबापुरते असे धरू, की वर्षभरात एक डिस्क बिघडण्याची संभाव्यता १/५० आहे. दोन डिस्का एकाच वर्षी बिघडण्याची संभाव्यता १/५० × १/५० = १/२,५००, आणि तीन बिघडण्याची १/१,२५,००० होते. प्रतींची संख्या थोडीच वाढली, पण धोका किती झपाट्याने घटला पाहा!

हा गुणाकार एका अटीवर खरा ठरतो: घटना परस्परांपासून स्वतंत्र असल्या पाहिजेत. तिन्ही डिस्का एकाच कपाटात असतील, तर एका आगीत किंवा चोरीत तिन्ही जातील. तिन्ही एकाच संगणकाला जोडलेल्या असतील, तर एका विजेच्या कडाक्याने तिन्ही जातील. तेथे धोका घटलेला नसतो, फक्त खर्च वाढलेला असतो.

यावरूनच ‘तीन-दोन-एक’ हा नियम निघाला: प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि निदान एक प्रत दुसऱ्या गावी.

रिठदची योजना

पहिली प्रत शाळेच्या संगणकात, रोजच्या पाहण्यासाठी. दुसरी प्रत वेगळ्या प्रकारच्या डिस्कवर. ती फक्त नवी भर घालताना जोडावी, एरवी सुटी करून थंड, कोरड्या जागी ठेवावी. तिसरी वाशीमला, एखाद्या विश्वासू शिक्षकांच्या घरी. आपला शेतकरी खायची ज्वारी आणि बियाण्याची ज्वारी वेगळी ठेवतो, तसेच हे आहे.

काही साठवणयंत्रांत दोन डिस्का आरशासारख्या चालतात. एकीवर लिहिलेले तत्क्षणी दुसरीवर उमटते. एक डिस्क बंद पडली, तर ही सोय उपयोगी पडते. पण चुकून एखादी फाइल पुसली, तर ती दोन्हीकडून पुसली जाते. म्हणून ‘आरसा’ ही राखीव प्रत मानू नये.

तिसरी प्रत इंटरनेटवरून पाठविता येईल का? सेकंदाला १० मेगाबिट वेगाने ३.६ टेराबाइट पाठविण्यास सुमारे ३३ दिवस लागतील. तीच डिस्क मऊ कापडात गुंडाळून एसटीने तासाभरात पोहोचविली, तर वेग सेकंदाला ८,००० मेगाबिट पडतो! नंतरची थोडी थोडी भर मात्र इंटरनेटने सुखाने जाईल.

प्रत शाबूत आहे ना?

१९९८ साली अमेरिकेत ‘टॉय स्टोरी २’ हा चित्रपट तयार होत असताना एका चुकीच्या आज्ञेने त्याच्या बहुतेक फाइली पुसल्या गेल्या. राखीव प्रत होती. पण ती नीट काम देत नाही, हे तेव्हाच कळले. अखेर एका तंत्रज्ञ बाईंनी घरून काम करण्यासाठी नेलेली प्रत उपयोगी पडली.

८० तासांचे चित्रण कोण तपासणार? त्यासाठी पडताळा-अंकाची युक्ती आहे. ५, ९, २, ७ या अंकांना त्यांच्या स्थानक्रमाने गुणून बेरीज करा: ५ + १८ + ६ + २८ = ५७. पहिल्या दोन अंकांची अदलाबदल झाली, तर बेरीज ५३ येते आणि चूक पकडली जाते. ‘एसएचए-२५६’ या पद्धतीने संगणक अख्ख्या फाइलीपासून ६४ चिन्हांचा असाच, पण फार काटेकोर पडताळा काढतो. चित्रण साठविताना तो वहीत किंवा वेगळ्या फाइलीत नोंदवावा आणि दर सहा महिन्यांनी तिन्ही प्रतींवर पुन्हा काढून ताडून पाहावा. जी प्रत चुकेल ती चांगल्या प्रतीवरून नव्याने करावी. डिस्का जुन्या झाल्या की बंद पडण्याची वाट न पाहता नव्या डिस्कांवर चित्रण उतरवावे.

करून पाहा

१. मोबाइलवर एक मिनिटाचे चित्रण करा. त्या फाइलीचा आकार पाहून तासाभराला किती जागा लागेल ते काढा.

२. ३२ गिगाबाइटच्या पेन ड्राइव्हवर वरील प्रकारचे चित्रण किती मिनिटांचे मावेल? (उत्तर: सुमारे ४२ मिनिटे.)

३. घरातील लग्नाच्या वा सहलीच्या चित्रफितींच्या किती प्रती आहेत आणि त्या किती ठिकाणी आहेत, याची यादी करा. एकच ठिकाण आले, तर काय करावे हे आता तुम्हांला ठाऊक आहे.