लसूण कुणी सोलायची?

‘आजी, तुम्ही बसा, मी करते ना.’ पहिल्या आठवड्यात हे वाक्य फोनवर कानावर पडलं की मला भरून यायचं. सहाव्या महिन्यात त्याच वाक्याची धास्ती बसली.

आई 78 वर्षांची, कोथरूडला दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते. मी ठाण्यात. अंथरुणाला खिळावं असा आजार तिला नव्हता. गुडघे कुरकुरायचे, संधिवातानं बोटं आखडलेली. कुकरचं झाकण निघेना, परकराची नाडी बांधता येईना, गिझर बंद करायचा राहून जाई. एकदा रात्रभर चालू राहिला आणि माझा धीर सुटला. एका ब्युरोला फोन करून म्हटलं, ‘केअरटेकर पाहिजे, बारा तासांची.’ पलीकडून प्रश्न आला, ‘पेशंट चालतो का? डायपर आहे का?’ ‘आमच्याकडे पेशंट नाही’ असं म्हणून तिथेच थांबायला हवं होतं. मी नोंदणी फी भरली, वर एका पगाराइतकं कमिशन दिलं.

आलेल्या मावशी स्वभावानं चांगल्या होत्या. पण आजवर त्यांनी झोपून असलेली माणसंच सांभाळलेली. पेशंटनं बसायचं, बाईनं करायचं, एवढंच त्यांना ठाऊक. आईचा संध्याकाळचा एक ठरलेला उद्योग होता. बाल्कनीत ताटली मांडीवर घेऊन लसूण सोलायची, मेथी निवडायची. बारा पाकळ्यांना अर्धा तास लागायचा. मावशींनी ते पाच मिनिटांत उरकायला सुरुवात केली. मग आंघोळ, वेणी, पाण्याचा तांब्या भरणंही त्यांच्याकडे गेलं. उलट कपबशी विसळायला सांगितली की ‘मी फक्त पेशंटचं करते’ म्हणून कुरबूर. दिवाळीत गेले तर खुर्चीतून उठायच्या आधी आईनं दोन्ही हात माझ्यापुढे केले. जूनमध्ये हीच आई खुर्चीच्या दांड्याला धरून आपली आपण उठत होती.

डॉक्टरांनी तपासलं. नवीन काही नव्हतं. वापर थांबला म्हणून मांड्यांची ताकद उतरली होती.

मी मावशींवर चिडले. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘ताई, आजी पडल्या तर जबाबदारी तुझी, असं ब्युरोनं सांगून पाठवलंय मला. मग मी त्यांना उठू देऊ कशी?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. काय करायचं हे त्यांना मी कधी सांगितलंच नव्हतं.

मग रजा काढून दोन दिवस वही घेऊन आईच्या मागे मागे फिरले. तुम्हीही बाई शोधायच्या आधी हे करा. वहीत ‘स्वयंपाक’, ‘आंघोळ’ असं मोघम लिहू नका. काम नेमकं कुठे अडतं ते लिहा. आईला भाजी चिरता येते, पण वरच्या फळीवरचा डबा निघत नाही. आंघोळ जमते, पण पाठीला हात पोचत नाही आणि ओल्या फरशीवरून बाहेर येताना पाय थरथरतो. अशा सतरा अडचणी निघाल्या आणि माणूस लागेल अशा त्यातल्या पाचच. बाकीचं काम सुताराचं आणि शिंप्याचं होतं. डबे खालच्या फळीवर आले, नाडीच्या जागी इलॅस्टिक, न्हाणीघरात स्टूल आणि भिंतीला पक्का दांडा, खुर्चीच्या पायांखाली लाकडी ठोकळे. लसूण आता आधी कोमट पाण्यात भिजते, साल सुटते.

उरलेल्या पाच कामांसाठी बारा तासांचं माणूस कशाला? ब्युरोच्या मावशींना निरोप दिला आणि पंधरा वर्षं आमची भांडी घासणाऱ्या मावशींनाच सकाळी दोन तास आणि संध्याकाळी एक तास वाढवून दिला. त्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली: आजींच्या हातातून काम घ्यायच्या आधी मनात दहा आकडे मोजा. आणि त्यांच्यासमोरच आईलाही बजावलं, की ती पडली तर मावशींना कुणी बोल लावणार नाही.

ओळखीच्या असल्या तरी पोलीस ठाण्यात त्यांची नोंद केली. त्यांनाच विचारून केली, त्यामुळे राग आला नाही. एटीएम कार्ड आणि ओटीपी या दोन गोष्टी त्यांच्यापासून लांब. किराण्याचे पैसे डबीत, हिशेब वहीत. औषधांची आठवड्याची डबी मी भरते, मावशी फक्त आठवण करतात. गोळी वाढवायची की थांबवायची हे त्यांच्यावर सोडणं त्यांच्यावरच अन्याय आहे. आठवड्याची सुट्टी, दिवाळीचा पगार, चहा आणि घरातला संडास वापरायची मोकळीक हे सगळं आधी बोलून घ्या. शेवटचा मुद्दा काढायला लोक लाजतात आणि बाई दोन महिन्यांत सोडून जाते. मे महिन्यात मावशी गावी जातात, म्हणून बदलीच्या बाईला एप्रिलमध्येच चार दिवस त्यांच्या हाताखाली ठेवते. ज्येष्ठांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा 14567 हा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटवलाय.

खुर्चीतून आई आता आपली आपण उठते, वेळ लागतो तेवढा लागतो. गिझरला मी टायमर बसवून घेतलाय. वीज खातो म्हणून आई तोच बंद करून ठेवते.