गळ्यातला क्रूस आणि पितळेचा साप



या अंकासाठी ख्रिस्ती चिन्हांवर अभ्यासलेख लिहावा, असे संपादक मंडळाने मला सुचवले. मासा, नांगर, मेंढपाळ, क्रूस ही चिन्हे आपण रोज पाहतो, पण ती आली कुठून हे आपल्या तरुणांना ठाऊक नसते, असे त्यांचे म्हणणे. डिप्लोमाच्या वर्गात हा विषय मी आवडीने शिकले होते. तरी लिहायला बसले तेव्हा पुस्तकांच्या आधी मला एका बाळाचा गळा आठवला. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

गेल्या वर्षी नाताळात बालवाडीतल्या मुलांना आम्ही खाऊबरोबर काळ्या दोऱ्यात ओवलेला लहानसा लाकडी क्रूस दिला. कल्पना माझीच होती. बहुतेक मुलांची घरे ख्रिस्ती नाहीत. क्रूसाचा अर्थ मी दोन मिनिटांत सांगितला, मुलांनी तो ऐकला न ऐकला, दोरे गळ्यात पडले आणि फोटो निघाले.

पुढे श्रावणात जव्हार तालुक्यातल्या आपल्या एका पाड्यावर गेले. ओहोळाला पाणी होते, म्हणून चार दिवस जाता आले नव्हते. एका घरात दोन वर्षांचे बाळ आईच्या मांडीवर निपचित पडले होते. तीन दिवस जुलाब चालले होते. डोळे खोल गेलेले, पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. गळ्यात भगताचा दोरा होता आणि त्याच्या शेजारी आमचा क्रूस. थोरल्या बहिणीला बालवाडीत मिळालेला क्रूस आईने आजारी बाळाला बांधला होता.

“दवाखान्यात का नाही नेलं?” मी विचारले. आवाज चढलाच होता.

ती म्हणाली, “ताई, तुमचा देव बांधलाय ना गळ्यात. म्हणून थांबलो.”

जीप मिळाली, ग्रामीण रुग्णालयात सलाइन लागले आणि देवाच्या कृपेने बाळ पाचव्या दिवशी घरी परतले. पण परतीच्या वाटेवर तिचे वाक्य माझ्या मनातून जाईना. ती चुकली नव्हती. दोऱ्यात बांधून दिलेल्या वस्तूचा जो अर्थ तिच्या पाड्यात होतो, तोच तिने घेतला. अर्थ न देता वस्तू दिली ती मी.

पितळेचा साप

पवित्र शास्त्रात चिन्हाविषयीचा सर्वांत मोठा धडा मला गणना २१ आणि २ राजे १८ हे अध्याय एकत्र वाचताना सापडतो. रानात विषारी सापांनी लोकांना दंश केला, तेव्हा देवाच्या सांगण्यावरून मोशेने पितळेचा साप करून खांबावर टांगला. त्याच्याकडे ज्याने पाहिले तो वाचला. चिन्ह देवाने सांगितलेले, हेतू जीव वाचवण्याचा. यात खोट काढायला कुठे जागाच नाही.

पण कित्येक शतकांनंतर हिज्कीया राजा झाला तेव्हा इस्राएल लोक त्याच सापापुढे धूप जाळीत होते. राजाने त्या सापाचे तुकडे केले. तो नहुश्तान या नावाने ओळखला जाऊ लागला, म्हणजे जणू नुसती पितळेची वस्तू. मोशेच्या हातची वस्तू फोडताना त्या राजाला काय वाटले असेल! पण बोट ज्याच्याकडे दाखवत होते त्याला विसरून लोक बोटालाच नमस्कार करू लागले, तर दुसरा उपाय नसतो.

पुढे प्रभू येशूने निकदेमाशी बोलताना याच सापाची आठवण काढली आणि आपल्याला उंच केले जाण्याशी ती जोडली (योहान ३:१४). वस्तू फुटली, पण तिचा अर्थ टिकला. ही गोष्ट मनात ठेवून आता आपल्या जुन्या चिन्हांकडे पाहू.

मासा

ग्रीक भाषेत माशाला ‘इख्थूस’ म्हणतात. या शब्दाची पाच अक्षरे म्हणजे येशू, ख्रिस्त, देवाचा, पुत्र, तारणारा या पाच ग्रीक शब्दांची आद्याक्षरे. पाच अक्षरांत सगळा विश्वास सामावलेला. छळाच्या काळात एकाने वाळूत अर्धा मासा काढायचा आणि दुसऱ्याने तो पुरा करायचा, अशी गोष्ट आपण संडे स्कूलमध्ये सांगतो. गोष्ट गोड आहे, पण तिला त्या काळातला पुरावा नाही. तेव्हा मुलांना सांगताना ती गोष्ट म्हणूनच सांगावी.

पुरावा आहे तो इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंट या शिक्षकाचा. इ.स. २०० च्या सुमारास त्याने विश्वासणाऱ्यांना मोहोरेच्या अंगठीविषयी सल्ला दिला. कबुतर, मासा, जहाज, वीणेसारखे वाद्य, नांगर ही चित्रे अंगठीवर चालतील. तलवार आणि धनुष्य नकोत, कारण आपण शांतीचे लोक. मद्याचा पेलाही नको, कारण आपण संयमाचे लोक. मोहोर ही रोजच्या व्यवहाराची वस्तू. ती उमटवताना आपण कोण आहोत आणि कसे वागायचे आहे, हे आठवावे एवढीच त्याची अपेक्षा. अंगठी संकट टाळील असे तो म्हणत नाही.

नांगर

रोममध्ये शहराबाहेर जमिनीखाली खोदलेल्या दफनभूमी आहेत, त्यांना कॅटाकोंब म्हणतात. ख्रिस्ती लोक तिथे लपून राहत, असा समज आहे; प्रत्यक्षात ती मृतांना ठेवण्याची जागा. तिथल्या जुन्या थडग्यांच्या दगडांवर नांगर कोरलेला दिसतो. जहाजाला जागेवर धरून ठेवतो तो नांगर. आशा ही जिवाचा नांगर आहे, हे इब्री ६:१९ मधले शिक्षण त्यामागे आहे. आपले माणूस मातीत ठेवताना त्या लोकांनी दगडावर आशा कोरली.

पण पाड्यावरच्या एका बायबल अभ्यासात हे वचन मी वाचले आणि आशा नांगरासारखी कशी, असे विचारले. एक म्हातारे बाबा म्हणाले, “आधी रान फाडतो, मग पीक येतं.” त्यांच्या डोळ्यांपुढे शेतातला नांगर होता, आणि का नसावा? आपल्या भाषेत दोन्ही वस्तूंना एकच शब्द. बाबांचे उत्तर सुंदर होते, पण ते त्या वचनाचे नव्हते. मग डहाणूच्या बंदरातल्या होड्या, दोर आणि लोखंडी नांगर यांचे चित्र काढून दाखवले, तेव्हा उलगडा झाला. चिन्ह आपोआप बोलत नाही. त्याच्याबरोबर सांगणारा लागतो.

मेंढपाळ

खांद्यावर मेंढरू घेतलेला तरुण, दाढी नसलेला, आखूड अंगरखा घातलेला. कॅलिस्टस आणि प्रिस्किल्ला या कॅटाकोंबांच्या छतांवर हे चित्र आहे. मेंढरू वाहणाऱ्या माणसाची आकृती ख्रिस्ती लोकांनी शोधून काढलेली नाही. ग्रीक आणि रोमी कलेत ती आधीपासून होती आणि कोणालाही परिचित होती. त्या ओळखीच्या चित्रात आपल्या लोकांनी योहान १० आणि लूक १५ वाचले.

सीरियात फरात नदीकाठी दुरा-युरोपोस नावाचे गाव होते. तिथे इ.स. २४० च्या सुमारास एका साध्या घराचे उपासनास्थान केलेले सापडले आहे. त्यातल्या बाप्तिस्म्याच्या कुंडावरच्या भिंतीवर हाच मेंढपाळ रंगवलेला होता. ती चित्रे आता अमेरिकेत येल विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात आहेत. कुंडापाशी आलेल्या माणसाला समोर तो मेंढपाळ दिसे. त्याला त्याआधी शिक्षण दिले जाई. आधी शिक्षण, मग चित्र. मी नेमका हाच क्रम उलटा केला होता.

क्रूस

आश्चर्य वाटेल, पण आज सर्वांत ओळखीचे असलेले हे चिन्ह कलेत उशिरा आले. कपाळावर बोटाने क्रूसाची खूण करण्याची रीत टर्टुलियनच्या काळी, म्हणजे इ.स. २०० च्या सुमारास होती. मात्र क्रूसावरच्या ख्रिस्ताचे चित्र पहिल्या शतकांतले विश्वासणारे सहसा काढत नसत. गुलामांना आणि बंडखोरांना रस्त्याच्या कडेला त्यावर टांगलेले लोक पाहत होते.

क्रूसावरच्या माणसाचे एक फार जुने चित्र काढले आहे ते टिंगल करणाऱ्याने. रोमच्या पॅलाटाइन टेकडीवर १८५७ मध्ये सापडलेल्या भिंतीच्या गिलाव्यावर गाढवाचे डोके असलेला माणूस क्रूसावर ओरखडून काढला आहे. खाली हात उंचावलेला एक जण. अलेक्सामेनोस आपल्या देवाची भक्ती करतो, अशा अर्थाचा ग्रीक मजकूर शेजारी आहे. तो बहुधा इ.स. २०० च्या आसपासचा असावा. वधस्तंभाचा संदेश जगाला मूर्खपणा वाटतो, असे पौलाने करिंथकरांना लिहिले. ती भिंत त्याची साक्ष देते. तो अलेक्सामेनोस कोण, हे आपल्याला माहीत नाही. पण क्रूसाचा अर्थ त्याने हसे सोसून जपला असणार.

नंतर काळ पालटला. इ.स. ३१२ मध्ये रोमजवळच्या लढाईपूर्वी सम्राट कॉन्स्टंटाइनने सैनिकांच्या ढालींवर ख्रिस्ताचे चिन्ह काढवून घेतले, असे त्या काळचा लेखक लॅक्टान्शियस सांगतो. क्लेमेंटला अंगठीवर तलवार चालत नव्हती. शंभर-सव्वाशे वर्षांत चिन्ह ढालीवर गेले. त्याच सम्राटाच्या राजवटीत वधस्तंभाची शिक्षा बंद झाली, हेही खरे. रोममधल्या सांता सबीना चर्चच्या लाकडी दारावर इ.स. ४३० च्या सुमारास दोन चोरांमध्ये ख्रिस्त कोरला गेला, तोवर वधस्तंभ प्रत्यक्ष पाहिलेली पिढी उरली नव्हती. ढालीवरचे चिन्ह आणि माझ्या दोऱ्यातले चिन्ह यांत मला एक साम्य दिसते. दोन्ही ठिकाणी क्रूस संरक्षक वस्तू झाला. पण ज्याचा तो क्रूस, त्याने स्वतःला वाचवले नाही. त्याने दुसऱ्यांना वाचवले.

आपल्या मातीत

मग पाड्यावर चिन्हे वापरूच नयेत का? तसे मला वाटत नाही. गोव्यात जन्मलेले चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहून चित्रे काढत. त्यांनी मरियेला साडी नेसवली म्हणून त्यांच्यावर टीका झाली. पण ती चित्रे पाहणाऱ्याला मरिया शेजारच्या घरातली वाटते. पहिल्या शतकांतल्या लोकांनी मेंढपाळाच्या चित्राबाबत हेच केले होते.

आपले वारली बांधव तर चित्र वाचण्यात आपल्याहून पुढे आहेत. लग्नघरी सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. चौक ‘काढतात’ असे ते म्हणत नाहीत, ‘लिहितात’ म्हणतात. त्यातल्या प्रत्येक रेषेला अर्थ असतो आणि तो त्यांना ठाऊक असतो. तो चौक त्यांचा आहे, त्यावर आपला अर्थ चिकटवण्याची घाई करू नये. शिकायचे ते एवढेच, की अर्थ माहीत नसलेले चिन्ह ते आपल्या भिंतीवर घेत नाहीत.

त्या आईकडे मी पुन्हा गेले आणि तिची क्षमा मागितली. तिने विचारले, “मग आता हा काढू का?” मी म्हटले, “ठेवायचा की नाही, ते तुमच्या मनावर. पण बाळ आजारी पडलं तर आधी दवाखाना. क्रूसावर मेलेल्या प्रभूलाही तेच आवडतं. तो आजाऱ्यांकडे स्वतः चालत जायचा.” मग दोघींनी मिळून एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून पाणी केले. चहाचा चमचा मापाला घेतला. तिने ते दोनदा करून दाखवले. क्रूस तिने खुंटीला अडकवला आहे.

यंदाच्या नाताळात आपण दोरे वाटणार नाही. प्रत्येक घरी जुलाबावरच्या पावडरीची पाकिटे आणि एक लिटरची खूण केलेली बाटली देऊ. क्रूस बालवाडीच्या भिंतीवर राहील. कोणी विचारले तर बसून, सावकाश, सगळी गोष्ट सांगू. आपले दान ज्या हातांनी पोहोचते, त्या हातांकडे पाहून लोकांना क्रूसाचा अर्थ कळावा.

मंडळीत चर्चेसाठी

१. आपल्या घरातले, गाडीतले किंवा गळ्यातले कोणते चिन्ह आपल्याला ख्रिस्ताची आठवण देते, आणि कोणते आपण नुसते ‘असावे म्हणून’ ठेवले आहे?

२. हिज्कीयाने पितळेचा साप फोडला. आपल्या मंडळीत असे काही आहे का, जे देवाकडे नेण्याऐवजी आता स्वतःच महत्त्वाचे झाले आहे?

३. क्रूसाचा अर्थ दहा वर्षांच्या मुलाला तीन वाक्यांत सांगून पाहा.

प्रार्थनेचे विषय

पावसाळ्यात वाट तुटणाऱ्या पाड्यांसाठी. लहान बाळांच्या मातांसाठी आणि आशाताईंसाठी. आणि आम्हा सेवकांसाठी, की देण्याच्या घाईत समजावून सांगणे राहून जाऊ नये.

ख्रिस्ताच्या सेवेत,
आपली एक बहीण