लायसन्स कुणाच्या नावावर?

गुहागरजवळच्या एका होमस्टेची वेबसाइट माझ्याकडे आली ती बंद पडल्यावरच. होस्टिंगवाल्यांनी पीएचपी ७.४ काढून ८ चढवलं आणि बुकिंगचं पान कोरं दिसू लागलं. ऐन दिवाळीच्या तोंडावर मालकीणबाई फोनवर बुकिंग घेऊन वहीत उतरवत होत्या. आधीच्या डिझायनरने बुकिंगचं प्लगइन ‘लाइफटाइम’ घेतलेलं, पण स्वतःच्या खात्यावर. बाईंकडे ना लायसन्स-की, ना बिल. मधल्या काळात ती कंपनीही विकली गेली. नव्या मालकांनी तेच प्लगइन नवं नाव देऊन वार्षिक वर्गणीवर आणलं आणि जुन्याचे अपडेट थांबवले.

म्हणून लाइफटाइम वाईट असं मी म्हणत नाही. अ‍ॅडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स हे वर्डप्रेसचं प्लगइन २०२१ मध्ये दुसऱ्या कंपनीकडे गेलं, तरी जुनी लाइफटाइम लायसन्सं चालू राहिली. उलट २०१३ मध्ये थीम आणि प्लगइनं विकणाऱ्या वूथीम्सने जुन्या ग्राहकांनाही मुदत लावायचं ठरवलं होतं. ओरड झाल्यावर माघार घेतली. थोडक्यात, सगळा विक्रेत्याच्या शब्दाचा मामला. त्यामुळे घेण्याआधी मी एवढंच पाहतो, की नवे ग्राहक आटले तर पुढच्या वर्षी या कंपनीत प्रोग्रामरचा पगार कशातून निघणार? उत्तर सापडलं नाही तर गॅलरी, तक्ते असल्या किरकोळ कामापुरतं लाइफटाइम ठीक. बुकिंग, पैसे, सुरक्षितता यांना वर्गणीच.

वर्गणी संपली तरी वर्डप्रेसची बहुतेक प्लगइनं चालत राहतात. थांबतात ते अपडेट आणि मदत, आणि साइट चालू दिसते म्हणून कुणाच्या ते लक्षातही येत नाही. २०१४ च्या डिसेंबरात स्लायडर रिव्होल्यूशनमधल्या त्रुटीतून ‘सोकसोक’ मालवेअर लाखभर साइट्समध्ये शिरलं. दुरुस्ती काही महिने आधीच आली होती. पण कित्येकांना ते प्लगइन थीमसोबत आयतं मिळालेलं, स्वतःचं लायसन्स नव्हतं. त्यांच्यापर्यंत अपडेट आपोआप पोहोचलंच नाही.

म्हणून लायसन्स क्लायंटच्या ईमेलवर, त्याच्याच कार्डावर घ्या. कोटेशनमध्ये दरवर्षीचा खर्च वेगळ्या ओळीत लिहा. डॉलरची किंमत, बँकेचा परकीय चलनाचा आकार, सगळं धरून. “दरवर्षी कशाला?” असं क्लायंट विचारतोच. त्याच्या एसीची एएमसी तो बिनतक्रार भरतो, तेवढी आठवण करून द्यावी. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे कार्डावरची वर्गणी पूर्वीसारखी परस्पर कापली जात नाही, परदेशी कंपन्यांची तर बऱ्याचदा अडते. तारीख महिनाभर आधी कॅलेंडरात टाकलेली बरी.

आणि दुसऱ्याने केलेली साइट हातात घेणार असाल, तर आकडा सांगण्याआधी प्रत्येक सशुल्क प्लगइनची लायसन्स-की मागा. मिळाली नाही, तर ती नव्याने घ्यायची किंमत धरूनच दर सांगा. क्लायंटने त्यालाही नकार दिला तर काम सोडा.